झाडावर हजारो पक्षी मुक्कामाला आलेत, आवाज करून उठवायचे, फांद्या छाटायच्या की जाळी लावायची?

दिवेलागणीला थवेच्या थवे उतरतात, कलकलाटात फोनवरचं ऐकू येत नाही, सकाळी खालच्या गाड्या पांढऱ्या झालेल्या आणि वासाने खिडकी उघडवत नाही, हे रोज झालं की कोणीतरी म्हणतंच की झाडच तोडून टाका. तोडू नका प्लीज. आधी एवढंच बघा की पक्षी फक्त झोपायला येतायत (रातथारा) की घरटी केलीयेत, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं.

घरट्यात अंडी-पिल्लं असतील तर हात लावायचा नाही. भारतात 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, अमेरिकेत स्थलांतरित पक्ष्यांसाठी 1918 पासून आहे, आणि कायदा सोडा, झाड हलवलं की पिल्लं खाली पडून मरतात हो. रातबगळ्याची पिल्लं अंड्यातून निघाल्यावर साधारण 6-7 आठवड्यांत उडतात, तेवढे दिवस गाड्या दुसरीकडे लावायच्या.

नुसता रातथारा असेल तर आवाजाचा उपाय लवकर लागू पडतो. रोममध्ये हिवाळ्यात मैनांच्या जातीचे स्टार्लिंग पक्षी प्रचंड संख्येने येतात, तिथे त्यांचीच घाबरलेली हाक रेकॉर्ड करून संध्याकाळी स्पीकरवर लावतात. पण हे पक्षी नुकते यायला लागलेत तेव्हाच करायचं, नेमके झाडावर बसायच्या वेळी, सलग काही संध्याकाळी आणि स्पीकरची जागा बदलत. दिवसभर तोच आवाज चालू ठेवला की सवय होते आणि मग काही उपयोग नाही. शिवाय उठलेले पक्षी कुठेतरी बसणारच, बहुतेक पुढच्या गल्लीत, म्हणजे त्या लोकांशी आधी बोलायला हवं. फटाके मात्र अजिबात नकोत, अंधारात बिथरलेले पक्षी तारांवर न् काचांवर आपटतात.

छाटणी सावकाश काम करते पण माझं मत तिलाच. स्टार्लिंगसारख्यांना दाट, वारा न लागणारं झाड हवं असतं, आतल्या फांद्या विरळ केल्या, वारा खेळायला लागला की तिथली ऊब जाते. अडचण एकच, छाटणी यंदाचे पक्षी गेल्यावर आणि पुढच्या मोसमातले यायच्या आत करावी लागते, आणि झाड बोडकं करायचं नाही, जाणकार माणसाकडूनच करून घ्या.

जाळी बाल्कनीला, सज्जाला ठीक. मोठ्या झाडावर ढिली जाळी टाकली की पंख अडकून पक्षी तडफडतात, मी कधीच सुचवणार नाही. खोटं घुबड, चमकणाऱ्या पट्ट्या, यांचा परिणाम चार दिवसच.

काहीही निवडलं तरी वाळलेली शिट कोरडी झाडू नका, साचलेल्या शिटीत वाढणारी बुरशी धुळीबरोबर फुप्फुसात जाऊ शकते, आधी पाणी मारा, मास्क लावा. आणि पक्षी कधी आले, कधी गेले त्या तारखा यंदाच लिहून ठेवा, छाटणी कधी करायची ते त्यावरूनच कळेल.