घरावरचं सोलर, सोसायटीचं सोलर का गावचं? सोलापूरकरांनी काय बघायचं

सोलापुरात ऊन फुकट आणि वीजबिल महाग, त्यामुळे सोलर घ्यायचं का हे आता विडी वळणाऱ्या बायकासुद्धा विचारायलेत. पण एकट्यानं घ्यायचं का सगळ्यांनी मिळून, हे आधी छत कुणाचं आहे त्यावर ठरतं.

सोलापूरजवळच्या कुंभारीचीच दोन उदाहरणं घ्या. गोदूताई परुळेकर घरकुलातली विडी कामगारांची बैठी घरं आहेत, वर स्वतःचा स्लॅब. तिथं सरळ 1 किलोवॅट घ्या, शंभरेक चौरस फूट जागा पुरते, महिन्याला साधारण 100 ते 120 युनिट मिळतात, म्हणजे पंखे, टीव्ही, छोटा फ्रिज आरामात. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेतून 30 हजार सबसिडी येते आणि बीपीएल असाल तर राज्याच्या स्मार्ट योजनेतून अजून 17,500, म्हणजे 50 हजाराच्या सिस्टीमला खिशातनं फक्त अडीच हजार. नुसत्या सूर्यघरमध्ये मात्र सबसिडी सिस्टीम बसल्यावर खात्यात जमा होते, तोवर सोलर बसवणारा व्हेंडर पैसे मागणारच, तेव्हा आधी कुणी किती भरायचे ते लिहून घ्या. आणि हो, बॅटरी नसली की लाईट गेल्यावर हे सोलरपण बंदच पडतं, हे विकणारा सहसा सांगत नाही.

दुसरं उदाहरण कुंभारीतल्याच रे नगरचं. तिथं मजली इमारती, छत सगळ्यांचं मिळून. तिथं एकट्यानं पॅनल ठोकायला गेलात तर वरचा-खालचा भांडणार. सोसायटी नोंदवून कॉमन मीटरवर सोलर घेतलं तर किलोवॅटमागे 18 हजार मिळतात, पण त्यानं पाण्याची मोटर, जिन्यातले दिवे यांचं बिल उतरतं, घरातलं नाही. मेंटेनन्स कमी झाला तरच बाईच्या हातात काही पडेल, नाहीतर कमिटीच खूश. माझं मत विचाराल तर जिथं हिशोब वहीत लिहून भिंतीला लावतात तिथंच यात पडा. शिवाय धूळ पुसायला पाळी लावावी लागेल, तीपण सकाळी लवकर, तापलेल्या काचेवर गार पाणी नको. (उन्हाळ्यात 42 डिग्रीला वीज जास्त होते असं वाटतं ना, पण वीज उष्णतेनं नाही, उजेडानं होते, उलट पॅनल तापला की थोडी घटतेच.)

तिसरा पर्याय खेड्यातल्यांसाठी, मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी. सबस्टेशनजवळची (वीज उपकेंद्राजवळची) गायरान किंवा शेतकऱ्याची जमीन सोलर प्रकल्पाला भाड्यानं द्यायची, खाजगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं, आणि शेतीला दिवसा वीज. एका सबस्टेशनवर चार-पाच गावं असतात, ती भांडत बसली तर जमीन मिळत नाही. पण खरी अडचण वेगळीच आहे, ज्याला शेतच नाही त्या मजुराला यातनं काय? घरचं बिल तेवढंच येतं. मात्र प्रकल्प झाला की ग्रामपंचायतीला 3 वर्षं दरवर्षी 5 लाख मिळतात, तेव्हा ग्रामसभेत उठून एवढं विचाराच की त्यातनं गावातल्या बीपीएल घरांचे अडीच-अडीच हजार भरता येतील का.