एमबीएआधीचे अडीच महिने: आठ महिन्यांनंतरचा हिशोब

मी अमळनेरची. बीएस्सी केमिस्ट्री, मग दोन वर्षं एका कंपनीच्या लॅबमध्ये क्वालिटीचं काम, आणि त्यानंतर एमबीएचं खूळ. सीईटी झाली, प्रवेशाच्या केंद्रीय (कॅपच्या) फेऱ्या लांबल्या आणि पुण्याला वर्ग सुरू होईपर्यंत अडीच महिने मोकळे मिळाले. कॉमर्सचा गंध नव्हता, दहावीपर्यंत मराठी माध्यम. घाबरून तीन गोष्टी केल्या. साडेसात हजारांचा एक ऑनलाइन 'फाउंडेशन' कोर्स घेतला, शेजारच्या ताईची अकरावी-बारावीची पुस्तपालनाची पुस्तकं उचलून आणली, आणि पप्पा धरणगावच्या ज्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात आहेत, तिथले हिशोब लिहिणाऱ्या दिवाणजींसमोर जाऊन बसले. आता दुसरं सेमिस्टर संपत आलंय. कशातून काय वसूल झालं, ते लिहिते.

आधी कोर्स, कारण पैसे तिथे गेले. चाळीस तासांचे व्हिडिओ. त्यातला निम्म्याहून जास्त भाग मार्केटिंग, स्ट्रॅटेजी, लीडरशिप असा होता. चार पी, पाच फोर्सेस, स्वॉट असे धंद्याकडे बघायचे ठरलेले साचे. पाहताना वाटायचं, बापरे, किती शिकतेय मी! कॉलेजात हे सगळं पहिल्या तीन आठवड्यांत पुन्हा शून्यापासून झालं, आणि माझ्या वह्यांचा उपयोग शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला झाला. शंका विचारायचं सत्र दोनदा ऐनवेळी रद्द झालं. तक्रार केली तर पैसे परत मागायची सात दिवसांची मुदत टळल्याचं उत्तर आलं.

एक्सेलचा भाग मात्र चांगला होता, खोटं कशाला बोलू. सूत्र खाली ओढलं की आकडे का बिघडतात आणि डॉलरचं चिन्ह लावून सेल कसा खिळवायचा, हे मला तिथेच कळलं. मोठ्या यादीचा गोषवारा काढणारं पिव्होट टेबलही. पण सगळा भर एक्सलुकअपवर, म्हणजे यादीतून हवी ती नोंद शोधून आणणाऱ्या नव्या सूत्रावर. कॉलेजच्या लॅबमध्ये एक्सेल २०१६, त्यात ते सूत्रच नाही! पहिल्या प्रॅक्टिकलला स्क्रीनवर एररची रांग लागली आणि मी बावचळून बसले. तेच काम करणारं जुनं सूत्र, व्हीलुकअप, त्याच रात्री होस्टेलवर शिकले. तुम्ही शिकणार असाल तर जुनं आधी शिका.

स्टॅटिस्टिक्ससाठी वेगळे पैसे घातले नाहीत. खान अकॅडमीवर फुकट आहे आणि पुरतं. प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप, दोन-चार वेळा हातानं काढा. ते केलं होतं म्हणूनच एक्सेलमध्ये त्याची दोन सूत्रं का, एक एन ने (एकूण आकड्यांच्या संख्येनं) भागतं आणि दुसरं एन वजा एक ने, ते परीक्षेत आठवलं. सीईटीसाठी घोटलेलं अॅबस्ट्रॅक्ट रीझनिंग, म्हणजे आकृत्यांची कोडी, मात्र त्या दिवसानंतर एकदाही कामाला आलेलं नाही. दीडशे मिनिटांत दोनशे प्रश्न सोडवायची सवय लागते ती तेवढी राहते.

आता खरी गोष्ट. पुस्तपालन.

बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, पण मला छापील पुस्तकात पेन्सिलनं लिहिल्याशिवाय डोक्यात जात नाही. अकरावीचं पुस्तक रोज दोन तास, महिनाभर. बारावीच्या पुस्तकातली भागीदारी, म्हणजे भागीदाराचा प्रवेश, निवृत्ती, मृत्यू, सरळ सोडून द्या. एमबीएला त्याची गरज पडली नाही. शेवटाकडचं वित्तीय पत्रकांच्या विश्लेषणाचं प्रकरण मात्र करा. मी अडले होते 'नावे' (डेबिट) आणि 'जमा' (क्रेडिट) या दोन शब्दांवर. पैसे आले की बँकेच्या पासबुकात 'जमा' दिसतं, मग पुस्तक रोकड 'नावे' का करायला सांगतं? चार दिवस डोकं खाजवलं.

ते सोडवलं दिवाणजींनी. पावसाळ्यात जिनिंग बंद असतं, त्यामुळे त्यांना वेळ होता. वय सत्तरीचं, टॅलीवर काम करतात, पण टेबलाच्या खणात अजून लाल कापडी बांधणीची वही ठेवतात. माझं पासबुक हातात घेऊन म्हणाले, "हाई बँकनी वही शे बेटा, तुन्ही नही." बँक तिच्या वहीत लिहिते: माझ्याकडून पैसे घेतले, म्हणून मी तिची देणेकरी नाही, घेणेकरी; बँक माझं देणं लागते, म्हणून तिच्या वहीत माझ्या नावावर 'जमा'. पासबुक ही तिच्या बाजूची नक्कल. तेवढ्या एका वाक्यात गाठ सुटली. पुढे म्हणाले, "पैसा कोठून उना नि कोठे गया, इतलंच देख. बाकी बठ्ठी नावं शेतस." म्हणजे बाकी सगळी नुसती नावं.

रोज एक पान लिहायचं, खतावणी करायची (प्रत्येक नोंद ज्याच्या त्याच्या खात्यात उतरवायची), तेरीज मांडायची, म्हणजे सगळ्या खात्यांच्या दोन्ही बाजूंच्या बेरजा जुळतात का ते बघायचं. पहिल्या तेरजेत १,८०० रुपयांचा फरक आला. मी सगळं पुन्हा तपासायला निघाले तर त्यांनी थांबवलं. फरकाला नवानं भाग जातो का बघ, जात असेल तर बहुधा कुठेतरी आकडे उलटसुलट लिहिलेत. नाहीतर फरकाची निम्मी रक्कम शोध, ती चुकीच्या बाजूला पडली असेल. ३,१०० च्या जागी मी १,३०० लिहिले होते, फरक बरोब्बर १,८००. सेमिस्टर परीक्षेत ताळेबंद जुळत नव्हता तेव्हा याच युक्तीनं दहा मिनिटं वाचली.

त्यांच्याकडची दुसरी गोष्ट कॉस्टिंगच्या तासाला उपयोगी पडली. सरांनी जॉइंट प्रॉडक्टचा, म्हणजे एकाच कच्च्या मालातून एकत्र निघणाऱ्या वस्तूंचा, खर्च कसा वाटायचा ते विचारलं. वर्ग गप्प. मी उभी राहिले. शंभर किलो कापूस जिनिंगमध्ये गेला तर साधारण चौतीस किलो रुई निघते, साठाच्या वर सरकी, बाकी घट. कापसाचा खर्च वजनावर वाटला तर जवळपास दोन तृतीयांश सरकीच्या डोक्यावर बसतो आणि सरकी कायम तोट्यात दिसते. रुई बघावी तर सोन्यासारखी. म्हणून दिवाणजी विक्रीच्या किमतीच्या प्रमाणात वाटतात. सर म्हणाले, पुस्तकात हेच आहे, उदाहरण फक्त तेलशुद्धीचं आहे. त्या दिवसापासून वर्गात मला 'सरकी' म्हणतात. असो.

शेवटचे दहा दिवस एका खऱ्या कंपनीचा वार्षिक अहवाल वाचायचा असं ठरवलं. अमळनेरची मुलगी, मग विप्रोच. कंपनी १९४५ साली आमच्याच गावात वनस्पती तेलाची गिरणी म्हणून सुरू झाली, आणि जुन्या घरांतून अजून बोनस शेअरच्या, म्हणजे असलेल्या शेअरवर फुकट मिळालेल्या शेअरच्या, गोष्टी चालतात. माझ्या आजोबांनी शेअर घेतले नव्हते, आणि आजीनं ते त्यांना शेवटपर्यंत माफ केलं नाही. अहवाल साइटवर फुकट मिळतो. पहिल्याच दिवशी दोन चुका केल्या. उत्पन्न कन्सॉलिडेटेड (उपकंपन्या धरून केलेल्या) पत्रकातून घेतलं, नफा स्टँडअलोनमधून (एकट्या कंपनीच्या), आणि नफ्याचं प्रमाण काढून खूश झाले. आकडे मिलियनमध्ये आहेत हेही पाहिलं नाही. दहा मिलियन म्हणजे एक कोटी, आणि मी मिलियनलाच कोटी धरून बसले होते. या चुका घरी, पलंगावर बसून झाल्या हे बरं. वर्गात दुसऱ्याच आठवड्यात दोघांनी प्रेझेंटेशनमध्ये त्याच केल्या.

जे केलंच नाही, त्याचा फटका मोठा बसला. इंग्रजीतून भराभर वाचणं. केमिस्ट्रीचं इंग्रजी मला येत होतं. ठरावीक शब्द, ठरावीक वाक्यं. केस स्टडीचं इंग्रजी गप्पा मारल्यासारखं लिहिलेलं असतं. महत्त्वाचा आकडा कुठल्यातरी परिच्छेदाच्या पोटात, आणि मालक कोणत्या शाळेत शिकला यावर अर्धं पान. बारा पानं, उद्या सकाळी चर्चा. पहिले दोन महिने मी रात्री एकपर्यंत सहाव्या पानावर असायचे आणि वर्गात तोंड उघडायचे नाही. कोर्समध्ये याचा एकही व्हिडिओ नव्हता. तो नसल्याचं घेताना लक्षातही आलं नाही. त्या अडीच महिन्यांतले मार्केटिंगचे व्हिडिओ सोडून रोज चार पानं इंग्रजी व्यवसायाचं काहीही वाचलं असतं, अगदी त्याच विप्रोच्या अहवालातलं मॅनेजमेंटचं विवेचन, तरी चाललं असतं.

अर्थशास्त्राचं काही केलं नव्हतं, आणि अडलं नाही. केळीचे भाव पडताना पाहिलेल्या माणसाला मागणी-पुरवठा शिकवायला लागत नाही.

चोपड्याच्या मावसभावाची यंदा सीईटी झालीये. तोही तोच कोर्स घ्यायला निघाला होता, कारण 'ऑफर' चालू आहे. त्याला एक्सेलची फुकट प्लेलिस्ट पाठवली आणि पेन्सिलनं भरलेली ताईची पुस्तकं दिली. दिवाणजींना फोन केला तर त्यांनी आधी विचारलं, "त्याले पाढे येतस का?"