२५ हर्ट्झचा जीपीएस टाइमर, सात महिने वापरून: एका टिकचे १४ एचपी

काचेला चिकटवायची, सेकंदाला २५ वेळा जागा नोंदवून गाडीची वेळ आणि वेग मोजणारी ही डबी उत्तम आहे, तिच्या ॲपने मात्र वैताग आणलाय. दर अपडेटनंतर सेटिंगमधली ‘एक फूट रोलआउट’ (गाडी फूटभर सरकल्यावरच घड्याळ सुरू करणारी) ही टिक आपोआप चालू होते. सात महिन्यांत चार वेळा हेच. बाकी अचूकता, ब्लूटूथ, काचेवरची पकड याबद्दल फारशी तक्रार नाही, पण ही एक टिक एवढी महागात पडते की तिच्यावर सविस्तर लिहायलाच हवं.

गाडी टोयोटा हायलक्स पिकअप, २.८ डिझेल ऑटोमॅटिक, ब्रोशरप्रमाणे २०४ पीएस. पीएस आणि एचपी (हॉर्सपॉवर) एक नव्हे: २०४ पीएस म्हणजे २०१ एचपी. टाइमर घेण्याचं कारण एवढंच, की रीमॅप (इंजिनचं सॉफ्टवेअर बदलणं) आणि ट्यूनिंग बॉक्सवाले (ताकद वाढवायला इंजिनला जोडायची डबी विकणारे) ‘४० एचपी वाढतात’ म्हणतात ते तपासायचं होतं, आणि दर वेळी डायनोचे, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्राचे, पैसे भरायचे नव्हते.

उभ्या गाडीने पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, पळायला लागलेल्या वेळेवरून किंवा शेवटच्या वेगावरून एचपी काढायचं सूत्र माहीत असेलच, तरी किलो-किलोमीटरमध्ये देतो, कारण नेटवर ते पौंड आणि मैलांत असतं आणि चूक तिथेच होते. आधी किलोंतल्या वजनाला २.२०५ ने गुणा. ट्रॅप स्पीडवरून, म्हणजे शेवटच्या रेषेवरच्या वेगावरून, काढायचं तर ताशी किलोमीटरला ३७६.६ ने भागा, त्याचा घन करा आणि वजनाच्या आकड्याला गुणा. वेळेवरून काढायचं तर सेकंदांना ५.८२५ ने भागा, घन करा आणि त्याने वजनाच्या आकड्याला भागा. ३७६.६ म्हणजे मैलवाल्या सूत्रातला २३४ च.

हा आकडा निसर्गनियम नाही. इंजिनची सगळी ताकद सुरुवातीपासून शेवटपर्यंत, काहीही वाया न जाता गाडी पळवण्यात गेली असती, तर ३७६.६ च्या जागी साधारण ४५२ आला असता. दोन्हींच्या घनांचं गुणोत्तर काढलं की ०.५८ येतं. म्हणजे सूत्र असं धरून चालतं, की ४०२ मीटरभर सरासरी ५८ टक्केच ताकद कामी येते. बाकीची गिअर बदल, टॉर्क कन्व्हर्टर, टायर आणि हवेचा विरोध यांत जाते. उंच, चौकोनी पिकअपचं प्रमाण बुटक्या कारसारखंच असेल असं नाही. त्यामुळे एकट्या आकड्यावर भांडू नका. त्याच गाडीचा आधीचा आणि नंतरचा आकडा, त्यातला फरक भरवशाचा.

वजन ब्रोशरमधून घेऊ नका. कळंबोलीला लोखंड बाजाराच्या आसपास ट्रकचे वजनकाटे आहेत, तिथे चारही चाकं प्लॅटफॉर्मवर घेऊन, चालक आत बसवून पावती घ्यायची. या गाडीचं अर्ध्या टाकीसह २,२९० किलो भरलं. यात १०० किलोंची चूक झाली तर उत्तर साडेआठ एचपीने हलतं. ८० लिटरची टाकी भरली की डिझेलचंच वजन ६६ किलो होतं, म्हणून पावतीवर टाकीचा काटा कुठे होता तेही लिहून ठेवा.

आता टिक. रोलआउट बंद ठेवून वेळ आली १७.७० सेकंद. सूत्रात घातली की १८० एचपी. चालू ठेवून त्याच धावेची वेळ १७.२५, उत्तर १९४. गाडी तीच, धाव तीच, फरक १४ एचपीचा! टिक चालू असली की गाडी पहिला एक फूट सरकेपर्यंत घड्याळ सुरूच होत नाही, आणि डिझेल ऑटोमॅटिकचा बूस्ट (टर्बोचा दाब) भरेपर्यंत तो फूटभर कापायला जवळजवळ अर्धा सेकंद जातो. हलक्या, जागेवरून जोरात सुटणाऱ्या गाडीत हा फरक पाव ते तीन दशांश सेकंदाचा असतो. आपल्या गाड्यांत तो मोठा, म्हणून ही टिक आपल्यालाच जास्त छळते.

पहिले चार महिने माझं मत पक्कं होतं, की रोलआउट म्हणजे आकडा फुगवायची पळवाट, बंदच ठेवावी. ते मत आता बदललंय. बीमवाल्या (प्रकाशकिरणाने वेळ मोजणाऱ्या), वाहतुकीला बंद असलेल्या पट्टीवर एकाच धावेची अधिकृत पावती आणि डबीचा आकडा शेजारी ठेवला. पावतीवर १७.२४. रोलआउट चालू असताना डबीही जवळजवळ तेच सांगत होती. ड्रॅग पट्टीवर टायर बीममधून बाहेर पडल्यावरच घड्याळ सुरू होतं, आणि ५.८२५ हा आकडा मुळात अशाच पट्टीवरच्या वेळांतून आलाय. तेव्हा एचपी काढायला टिक चालूच हवी. मासिकांतल्या किंवा मित्राच्या ०-१०० च्या वेळेशी तुलना करायची असेल, तर समोरच्याने काय ठेवलंय ते आधी विचारा. ॲपवरचा राग कायम आहे, पण आता तो वेगळ्या कारणासाठी: टिक चालू होती की बंद, हे जतन केलेल्या धावेवर कुठेही दिसत नाही. जुन्या अकरा धावा त्यामुळे निरुपयोगी झाल्या. धाव झाली की सेटिंगच्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवायचा, दुसरा इलाज नाही.

ट्रॅप स्पीडचंही असंच एक बारीक गणित आहे. डबी ४०२ व्या मीटरवरचा क्षणाचा वेग देते, पट्टीवरची पावती शेवटच्या ६६ फुटांची सरासरी. गाडी तोवर वेग घेतच असते, म्हणून डबीचा आकडा ताशी एखाद किलोमीटरने जास्त. डबीवर १२७, पावतीवर १२६. सूत्रात १२६ घातले की १८९ एचपी येतात, १२७ घातले की १९३.६. एक किलोमीटर, साडेचार एचपी. स्पीडोमीटरवरचा वेग तर मुळीच घालू नका. तो ५ टक्के जास्त दाखवत असेल, तर घनामुळे एचपी १६ टक्क्यांनी फुगते.

उताराचा आकडा डबी देते, पण जीपीएसची उंची आडव्या जागेइतकी अचूक नसते. ४०२ मीटरमध्ये एक मीटर उतार डोळ्याला दिसतही नाही, तरी ट्रॅप स्पीड पाऊण किलोमीटरने वाढवतो. दोन्ही दिशांनी पळवून सरासरी घेता आली तर उत्तम, नाहीतर तुलना तरी त्याच पट्टीवर, त्याच दिशेने करा.

हे कोस्टल रोडवर किंवा अटल सेतूवर करायचं काम नाही. तिथली मर्यादा ८० आणि १००, आणि इथे शेवट १२७ ला होतो. मुंबईकरांना जवळची जागा म्हणजे लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीची धावपट्टी, ड्रॅगचे कार्यक्रम असतात तेव्हा. ती जागा सहाशे मीटरच्या वर आहे, हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे ७ टक्के कमी. पण टर्बो बरीच भरपाई करतो, म्हणून साध्या पेट्रोल इंजिनाचे उंचीचे गुणक डिझेलला लावून आकडा वाढवू नका.

धावेच्या आधी डबी डॅशच्या पुढच्या कडेला, मोकळ्या आकाशाखाली तीन-चार मिनिटं स्थिर ठेवा. इमारतींच्या फटीत सिग्नल पकडून लगेच पळालात तर पहिली धाव फेकून द्या. एसी बंद. ब्रेकवर उभं राहून रेव्ह चढवायचे तर दोन-तीन सेकंदच, नाहीतर कन्व्हर्टरमधलं तेल तापतं. रिकाम्या हौद्याने मागची चाकं फिरली तर वेळ बिघडते, ट्रॅप स्पीड फारसा नाही, म्हणून डिझेलमध्ये माझा भरवसा ट्रॅप स्पीडवर जास्त. चाकं फिरतात म्हणून कोरड्या डांबरावर ४एच (चारही चाकांना ताकद) मात्र लावू नका, मधला डिफरन्शियल नसल्याने ड्राइव्हट्रेन ताणली जाते. डीपीएफचं (एक्झॉस्टमधली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचं) रीजनरेशन, म्हणजे साठलेली काजळी जाळणं, चालू असेल तर ती धाव मोजू नका. लागोपाठ तिसऱ्या धावेपासून इंटरकूलर तापतो आणि वेग उतरतो, मध्ये दहा मिनिटं तरी थांबा.

ट्यूनिंग बॉक्सचं उत्तर मिळालं. १८९ वर खरोखर ४० वाढले असते तर ट्रॅप स्पीड १२६ वरून १३४ ला जायला हवा होता. बॉक्स लावून तीन धावांची सरासरी १२९ आली, म्हणजे वाढ १४ एचपी. बॉक्स परत केला.

सहाव्या महिन्यात डबीची बॅटरी तासाभरात संपू लागली. सेवा केंद्राचं उत्तर एकच: बॅटरी सोल्डर केलेली आहे, बदलून मिळणार नाही, नवीन डबी घ्या. नवीन घेतली नाही. गाडीच्या यूएसबी चार्जरवर केबल लावून ती पूर्वीसारखीच चालते. केबल फक्त डबीच्या वरून जाऊ देऊ नका, अँटेना तिथेच आहे.