रडार आणि ऑप्टिकल प्रतिमा एकत्र: आठ महिन्यांनंतर

शहराचा बांधीव भाग नकाशावर काढायला मी आधी फक्त युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाच्या ऑप्टिकल, म्हणजे सूर्यप्रकाशात टिपलेल्या, प्रतिमा वापरायचे. गेले आठ महिने जोडीला सेंटिनेल-१ उपग्रहाचा रडार डेटा घेतेय. दोन्ही मोफत मिळतात. आता एकट्या ऑप्टिकलवर परत जाणं नाही.

मूळ दुखणं होतं उघड्या जमिनीचं. एनडीबीआय (ऑप्टिकल प्रतिमेवरून बांधीव भाग ओळखणारा निर्देशांक) काढला की कोरडी माती आणि काँक्रीट दोन्ही सारखेच उजळतात. शहराच्या कडेला, जिथे खरी वाढ चालू असते, नेमका तिथेच नकाशा फसायचा. एक मोकळं मैदान माझ्या नकाशात कायम 'बांधीव' म्हणून येत होतं. रडारमध्ये तेच मैदान काळंभोर दिसलं आणि भोवतीच्या इमारती लख्ख. रडारची लहर जमिनीवर आपटून भिंतीवर जाते आणि तिथून थेट उपग्रहाकडे परतते, म्हणून इमारत चमकते. उलट रुंद डांबरी रस्ता किंवा पार्किंग रडारला सपाट जमीनच वाटते. तिथे ऑप्टिकल हवंच.

पण दोन्ही उपग्रहांचे बँड (प्रतिमांचे थर) नुसते एकावर एक रचून भागत नाही, हे मला तीन महिने घालवून कळलं. उपग्रहाच्या दिशेशी तिरकस बांधलेल्या वस्त्या व्हीव्हीमध्ये (उभी लहर सोडून उभीच टिपणारा रडार बँड) फिक्या पडतात. व्हीएच (उभी सोडून आडवी टिपणारा) घेतल्यावर त्या बऱ्यापैकी सावरल्या. उपग्रहाच्या चढत्या (दक्षिणेकडून उत्तरेकडे) आणि उतरत्या (उत्तरेकडून दक्षिणेकडे) फेऱ्यांची मी सरसकट सरासरी काढत होते, ती मोठी चूक. दोन्ही वेगळे बँड म्हणून दिल्यावर रँडम फॉरेस्टचा (पिक्सेलांचं वर्गीकरण करणारी संगणकीय पद्धत) निकाल डोळ्यांना दिसेल इतका सुधारला. रडार प्रतिमेतला दाणेदारपणा घालवायला मोठ्या खिडकीचा (आजूबाजूचे बरेच पिक्सेल एकत्र धरणारा) फिल्टर लावू नका, वस्त्यांच्या कडा पुसल्या जातात. त्यापेक्षा तीन-चार महिन्यांच्या सगळ्या तारखांचा मध्यक (मीडियन) घ्या.

उंच इमारतींचं मात्र अजून जमलेलं नाही. रडारमध्ये त्या उपग्रहाच्या बाजूला कलतात. ६० मीटर उंचीचं टोक ४० अंशांच्या आपतन कोनात (रडारची लहर उभ्या रेषेशी करते तो कोन) सुमारे ७० मीटर सरकतं, म्हणजे १० मीटरचे सात पिक्सेल! एवढ्या अंतरावर ऑप्टिकलमध्ये कदाचित बाग असते, आणि वर्गीकरण तिथेही घर दाखवतं. असे तुकडे मी ऑप्टिकल प्रतिमा समोर ठेवून अजून हातानेच दुरुस्त करते.