फॉर्म पीएचपीकडे पाठवताना गेट की पोस्ट?

भाच्यानं परवा विचारलं, "मामा, मेथड गेट ठेवू की पोस्ट? डेटा तर दोन्हींनी येतोच." तो बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका मंडळासाठी गणपतीतल्या पाठांतर आणि रांगोळी स्पर्धांचं नोंदणीचं पान करतोय. मेथड म्हणजे फॉर्ममध्ये भरलेलं सर्व्हरवरच्या पीएचपी या भाषेतल्या कोडकडे कोणत्या पद्धतीनं पाठवायचं ते. डेटा दोन्हींनी येतो हे खरं. पण वाटेत तो कुठे कुठे राहून जातो, ते आधी बघायला हवं.

गेटमध्ये भरलेलं सगळं यूआरएलला प्रश्नचिन्हापुढे जोडलं जातं, पोस्टमध्ये ते रिक्वेस्टच्या (ब्राउझर सर्व्हरला पाठवतो त्या मागणीच्या) बॉडीतून, म्हणजे आतल्या मजकुरातून जातं. मेथड लिहिलीच नाही तर ब्राउझर गेट धरतो, आणि मग पीएचपीत पोस्टच्या ॲरेत ($_POST या यादीत) शोधलं तर हाती काहीच लागत नाही. (रकान्याला आयडी आहे पण नेम नाही, असं असेल तर तो रकाना सर्व्हरकडे जातच नाही. हेही तपासून घ्या.)

शोधायचं किंवा यादी गाळायची असेल तर मी डोळे मिटून गेट निवडतो. 'पाठांतर, लहान गट' अशी गाळलेली यादी तशीच्या तशी लिंक म्हणून पालकांना पाठवता येते, बुकमार्क करता येते. मराठी शब्दांनी यूआरएल मात्र फार फुगते. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह (काना-मात्राही वेगळे धरून) ३ बाइटचं असतं आणि यूआरएलसाठी % च्या रूपात एन्कोड झालं की ९ कॅरेक्टरचं होतं, म्हणजे एकटा 'वडोदरा' ५४ कॅरेक्टर खातो. अपाचे हा वेब सर्व्हर मुळात रिक्वेस्टची पहिली ओळ (यूआरएल तिच्यातच असते) ८१९० बाइटपर्यंतच घेतो. शोधाच्या दोन शब्दांना ते भरपूर आहे, निबंधाला नाही.

नोंदणीला मात्र पोस्टच. एका मंडळाचा गेटवर चाललेला फॉर्म मी पाहिला आहे. नोंदणी झाल्यावर एका आईनं आनंदानं त्या पानाची लिंक ग्रुपवर टाकली आणि मुलाचं नाव, वय, घरचा मोबाइल नंबर सगळ्यांसमोर आला. त्या माउलीची त्यात काहीच चूक नव्हती, फॉर्म करणाऱ्यानं हे आधी ओळखायला हवं होतं. तीच माहिती ब्राउझरच्या हिस्टरीत आणि सर्व्हरच्या लॉगमध्येही पडून राहते. पण पोस्ट म्हणजे कुलूप नव्हे. एचटीटीपीएस नसेल तर बॉडीही वाटेत उघडीच असते.

नोंद पुसण्याची लिंकही गेटवर ठेवू नका. प्रिव्ह्यूसाठी ॲप किंवा सर्च इंजिनचा बॉट ती लिंक स्वतःच उघडू शकतो, आणि लॉगिनची अट नसेल तर नोंद गेलीच.

पोस्टचा त्रास रिफ्रेशचा. पान रिफ्रेश करून ब्राउझरच्या प्रश्नाला हो म्हटलं की तेच मूल दुसऱ्यांदा नोंदलं जातं. म्हणून डेटा साठवून झाला की ३०३ रीडायरेक्टनं (ब्राउझरला दुसरं पान गेटनं उघडायला सांगणाऱ्या उत्तरानं) आभाराच्या पानावर पाठवा आणि लगेच एक्झिट लिहा, म्हणजे पुढचा कोड चालणार नाही.

रांगोळीचा फोटो मागायचा असेल तर पर्याय उरतच नाही: पोस्ट, आणि एनकटाइप (डेटा कसा बांधून पाठवायचा ते) मल्टिपार्ट. इथे पीएचपीच्या मुळातल्या मर्यादा आडव्या येतात, एका फाइलला २ एमबी आणि पूर्ण पोस्टला ८ एमबी. फोनवरचा एक फोटोच कित्येकदा २ एमबीच्या वर जातो. सगळं मिळून ८ च्या वर गेलं तर पोस्ट आणि फाइल्स, दोन्ही ॲरे रिकामे येतात. पालकांनी सगळं नीट भरलेलं असतं आणि आपला कोड त्यांनाच 'नाव भरा' असं सांगतो. या मर्यादा पीएचपीच्या आयएनआय फाइलमध्ये आधीच वाढवा, आणि फोटो केवढा चालेल ते फॉर्मवर मराठीत स्पष्ट लिहा.

दोन्ही चालावं म्हणून रिक्वेस्टचा ॲरे ($_REQUEST, ज्यात गेट आणि पोस्ट दोन्हींचं एकत्र येतं) वापरायचा मोह टाळा. मूल्य नेमकं कुठून आलं हे त्यात कळत नाही. आणि पोस्टनं आलेलंही तपासायचंच: डेटाबेसमध्ये प्रिपेअर्ड स्टेटमेंटनं (क्वेरी आणि मूल्यं वेगळी ठेवून) घाला, पानावर दाखवताना एचटीएमएलस्पेशलचार्सनं एस्केप करा, म्हणजे कुणी टाइप केलेलं एचटीएमएल पानावर चालणार नाही.

भाच्याला मी दोन वेगळे फॉर्म करायला लावले आहेत, यादीचा गेटवर आणि नोंदणीचा पोस्टवर. फोटोची चाचणी तो आज आजीच्या फोनवरून घेणार आहे.