स्किमर घेताय? आधी पंप उघडायला लावा

खाऱ्या पाण्याच्या फिश टँकसाठी कोणी प्रोटीन स्किमर घ्यायला निघालं असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. मुंबईतल्या एका दुकानदाराने मला ज्या पद्धतीने फसवलं, तोच धंदा अजून सुरू आहे. परवाच ओळखीतल्या एका कॉलेजच्या मुलाच्या गळ्यात त्याने तसलाच माल मारला, म्हणून लिहायला बसलो.

माझा टँक चार फुटी, साधारण 300 लिटरचा. क्लाउनफिशची जोडी, एक टँग मासा आणि दोन क्लीनर श्रिम्प, म्हणजे छोट्या कोळंब्या. अशा टँकमध्ये विष्ठा आणि उरलेल्या खाण्यातली प्रथिनं पाण्यात उतरतात. स्किमर पाण्यात हवेचे अगदी बारीक बुडबुडे सोडतो, प्रथिनं त्यांना चिकटतात, फेस वर चढतो आणि कपात काळपट पाणी जमतं. घाण कुजून अमोनिया व्हायच्या आधीच बाहेर. सगळा खेळ बुडबुड्यांच्या बारीकपणाचा, म्हणजे पंपाचा. स्किमरच्या पंपातल्या इम्पेलरला, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या फिरत्या चाकाला, साधी पाती नसतात, टूथब्रशसारखे दाट दाते असतात. नीडल व्हील म्हणतात त्याला.

दुकानदाराने नावाजलेल्या कंपनीचा बॉक्स समोर ठेवला. 14,500 रुपये. पक्कं बिल मागितलं, तर "दादा, जीएसटी उगाच वर पडेल, मी काय पळून चाललोय?" म्हणत कोऱ्या कागदावर आकडा लिहून दिला. बदलून द्यायची मुदत पंधरा दिवस.

घरी लावला, तर कपात फेसच नाही. बुडबुडे उकळत्या पाण्यासारखे मोठे. फोन केला की एकच उत्तर: "ब्रेक-इन पिरियड आहे, थांबा." हे उत्तर शंभर टक्के खोटं नाही, हीच त्याची हुशारी. नव्या स्किमरच्या प्लास्टिकवर कारखान्यातलं तेल असतं, त्यामुळे सुरुवातीचे काही दिवस फेस नीट धरत नाही, हे खरंच आहे. या खऱ्या गोष्टीच्या आडून त्याने पंधरा दिवस काढले. मधल्या काळात बॅक्टेरियाची बाटली घ्या म्हणून आणखी पैसे उकळले. मुदत संपल्यावर फोन उचलणंच बंद.

एव्हाना पाणी पिवळट झालं होतं आणि दोन्ही श्रिम्प गेले. मी पंप बाहेर काढला. पाण्यात भिजून त्यावरचा स्टिकर एका कोपऱ्यात सुटला होता. नखाने ओढला, तर खाली दुसरंच लेबल: दुसरी कंपनी, कमी वॉट. इम्पेलर बाहेर काढला, तर साधी सरळ पाती आणि मधला शाफ्ट, म्हणजे चाक ज्यावर फिरतं तो दांडा, लोखंडी. त्यावर नारिंगी गंज चढलेला, बोट लावलं की बोटाला लागत होता. समुद्राच्या पाण्याच्या पंपात शाफ्ट सिरॅमिकचा असतो. गंजणाऱ्या धातूला तिथे जागाच नाही. तांब्यासारखा धातू तर थोडासा उतरला तरी श्रिम्पच्या जिवावर बेततो. स्किमरची बॉडी कंपनीची, पण मूळ पंप काढून गोड्या पाण्याचा स्वस्त पंप बसवलेला. मूळ पंपाला सुटा भाग म्हणून चांगली किंमत येते, तो वेगळा विकला असणार.

मग त्याच्याकडूनच घेतलेला रिटर्न पंपही तपासला. टँकखालच्या फिल्टरच्या टाकीतून, म्हणजे सम्पमधून, पाणी परत वर चढवतो तो हा पंप. लेबलवर ताशी 3000 लिटर. सम्पपासून टँकच्या काठापर्यंत जवळजवळ चार फूट उंची. तिथे 20 लिटरची बादली भरायला 75 सेकंद लागले, म्हणजे ताशी 960. उंचीनुसार प्रवाह घटतो, हे मान्य. लेबलवर "मॅक्स हेड 2 मीटर" लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ 2 मीटरवर पाणी शून्य. म्हणून लेबलवरचा मोठा आकडा बघूच नका, आपल्या उंचीला किती पाणी मिळेल त्याचा कंपनीचा आलेख मागा. पण या पंपाला प्लगमधला वॉट-मीटर लावला, तर लेबलवरच्या वॉटच्या निम्मीसुद्धा वीज तो ओढत नव्हता. म्हणजे लेबलच खोटं.

दुकानात गेलो तर म्हणतो, "मिठाच्या पाण्यात गंज येणारच."

त्या मुलाला मी सांगितलं तेच इथे सांगतो. काउंटरवरच पंप उघडायला लावा. दाते आणि शाफ्ट बघायला दोन मिनिटं लागतात. दुकानदार कां-कूं करायला लागला तर उठून या. स्टिकरखाली स्टिकर नाही ना, ते नखाने बघा. जीएसटी नंबरचं बिल घ्या, त्यावर मॉडेल लिहून घ्या आणि बदलून द्यायची मुदतही लेखी घ्या. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे. तिथे तक्रार करताना असं बिल हाताशी असलं की दुकानदाराला हात झटकता येत नाहीत. त्या मुलाने बिल घेतलं होतं. त्याची मुदत अजून संपलेली नाही, उद्या आम्ही दोघं पंप घेऊन दुकानात जातोय.