आर, आरस्टुडिओ आणि क्वार्टो: दोन सेमिस्टरच्या प्रॅक्टिकलनंतरचा अनुभव

बी.एस्सी. संख्याशास्त्राच्या मुलांचं स्टॅटिस्टिकल कम्प्युटिंगचं प्रॅक्टिकल मी घेते. त्यासाठी आर (आकडेमोडीची प्रोग्रामिंग भाषा), आरस्टुडिओ (आरमध्ये काम करायची खिडकी) आणि रिपोर्ट लिहायला क्वार्टो हा संच दोन सेमिस्टर सलग वापरला. लॅबमध्ये विंडोजचे पीसी, काही नवे, काही बरेच जुने. मुलांकडे नाना तऱ्हेचे लॅपटॉप, आणि काहींकडे फक्त मोबाइल. आधी निकाल सांगते: संच उत्तम आहे, त्याला एक पैसाही लागत नाही आणि पहिल्या वर्षाच्या मुलालाही तो झेपतो. मात्र बसवताना एक हट्ट धराच. वर्गातल्या प्रत्येकाकडे आरचं एकच व्हर्जन हवं.

रँडम सॅम्पलिंगच्या प्रॅक्टिकलला याचं कारण दिसतं. सगळ्यांनी सेट.सीड(१२३) द्यायचं, म्हणजे यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवून टाकायची, की सगळ्यांना तोच क्रम यावा, आणि मग १ ते १० ची सरमिसळ करणारं सॅम्पल(१:१०) चालवायचं. नव्या आरवर ३, १०, २, ८, ६, ९, १, ७, ५, ४ असा क्रम येतो. लॅबच्या कोपऱ्यातल्या जुन्या पीसीवर येतो ३, ८, ४, ७, ६, १, १०, ९, २, ५. सीड तेच, कोड तोच, उत्तर निराळं. २०१९ मध्ये आलेल्या ३.६.० पासून आरने नमुना निवडण्याची आतली पद्धत बदलली. जुन्या ‘राउंडिंग’ पद्धतीत समष्टी खूप मोठी असली की सगळ्यांना अगदी समान संधी मिळत नव्हती, म्हणून आता ‘रिजेक्शन’ पद्धत आहे. बदल योग्यच होता. पण जर्नल तपासताना शेजारी बसलेल्या दोघांची उत्तरं जुळत नाहीत, तेव्हा कुणाचं चुकलंय हे मुलांना कळत नाही, आणि सीडवरचा त्यांचा विश्वासच उडतो. संख्याशास्त्र शिकवणाऱ्याला हे परवडत नाही. जुनाच क्रम हवा असेल तर आरएनजीकाइंड या फंक्शनमध्ये सॅम्पल.काइंड ‘राउंडिंग’ ठेवता येतं, आर त्यावर वॉर्निंग देतो इतकंच. मी मात्र सगळीकडे नवं व्हर्जन टाकून घेतलं.

झेरॉक्सच्या जुन्या नोट्सनीही असाच घोळ होतो. २०२० च्या ४.० पूर्वी रीड.सीएसव्हीने फाइल वाचली की मजकुराचा कॉलम आपोआप फॅक्टर, म्हणजे ठरावीक गटांचा कॉलम, व्हायचा आणि समरीत किती मुलं, किती मुली हे मोजून मिळायचं. आता तो कॉलम साधा मजकूर राहतो आणि समरी नुसतं लेंग्थ, क्लास, मोड दाखवते. नोट्समध्ये एक, स्क्रीनवर दुसरं. नोट्स बदला, किंवा रीड.सीएसव्हीत स्ट्रिंग्जॲजफॅक्टर्स ट्रू करायला शिकवा.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. आमचा डेटा बहुतेक वेळा मुलांनी स्वतः गोळा केलेला असतो: गावांची नावं, पिकं, आठवडी बाजारातले भाव, सगळं मराठीत. विंडोजवर पूर्वी अशा कॉलममध्ये ‘सातारा’ऐवजी कोनी कंसात यू आणि शून्य-नऊने सुरू होणारे आकडे उमटायचे. २०२२ च्या ४.२.० पासून विंडोज १० च्या अलीकडच्या आवृत्त्यांवर आर थेट यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या सामावणारी अक्षरांची पद्धत) वापरतो, आणि आरस्टुडिओच्या कन्सोलमध्ये ‘सातारा’ हे ‘सातारा’ असंच दिसतं. मुलांनी फिल्टर लावताना तालुक्याचं नाव मराठीत टाइप केलं आणि बरोबर ओळी आल्या, तेव्हा वर्गातला आनंद बघण्यासारखा होता. आलेखावर जोडाक्षरं तुटत असतील तर रॅग हे पॅकेज (आरला वरून जोडायचा कोडचा संच) टाका आणि आरस्टुडिओच्या ग्लोबल ऑप्शन्समध्ये ग्राफिक्सचा बॅकएंड एजीजी करा, ‘कोल्हापूर’मधला ल्ह नीट जुळतो.

याच ४.२.० ने ३२-बिट विंडोजचा आधार काढला. ज्या लॅबमध्ये अजून तसे पीसी आहेत तिथे ४.१.३ च्या पुढे जाता येत नाही. अशा मशीनवर वेळ घालवू नका, ती मुलं दोघांत एक पीसी करून बसलेली बरी.

आरस्टुडिओबद्दल फार तक्रार नाही. कंपनीचं नाव २०२२ मध्ये पॉझिट झालं, सॉफ्टवेअरचं नाव तेच राहिलं. मुलं आर न टाकता नुसता आरस्टुडिओ टाकतात आणि तो चालत नाही म्हणून येतात, तेवढं आधीच सांगून ठेवा. बसवल्या बसवल्या वर्कस्पेस, म्हणजे त्या बैठकीतला सगळा डेटा, सेव्ह करण्याचा पर्याय ‘नेव्हर’ करा आणि तो ठेवणारी आरडेटा फाइल आपोआप उघडणंही बंद करा. नाहीतर मागच्या आठवड्याचा ‘एक्स’ नावाचा डेटा या आठवड्याच्या टी-टेस्टमध्ये घुसतो आणि चूक कुणाच्या लक्षातही येत नाही. सामायिक लॅबमध्ये तर हे पहिलं काम.

पॅकेज टाकताना कधीकधी आर विचारतो की सोर्समधून, म्हणजे मूळ कोडवरून, कंपाइल करू का. ‘नो’ म्हणायचं. आधीच तयार केलेली बायनरी थोडी जुनी मिळते, पण या कोर्सला पुरते आणि कंपाइल करायला लागणारं आरटूल्स टाकायची गरज पडत नाही. टायडीव्हर्स हा पॅकेजांचा मोठा गठ्ठा अख्खा टाकायला लावू नका, कॉलेजच्या वायफायवर तासच संपतो. जीजीप्लॉट२, डीप्लायर, रीडएक्सेल, रीडआर बास. रीडआरचा आम्हाला वेगळाच उपयोग झाला: एक्सेलमधून आलेले १,२५,००० सारखे स्वल्पविरामवाले आकडे आर मजकूर समजतो, पार्स_नंबर ते सरळ संख्येत आणतो.

क्वार्टोबद्दल माझं मत संमिश्र आहे. एचटीएमएल रिपोर्ट झकास होतो, कोड, आलेख आणि निष्कर्ष एकाच कागदावर, जर्नलला याहून चांगलं काही नाही. पीडीएफसाठी मात्र नेहमीच्या मार्गाने लॅटेक हे पानं जुळवणारं सॉफ्टवेअर लागतं. त्याची टायनीटेक ही आवृत्ती छोटी आहे, तीच घ्या. मराठी मजकूर असेल तर झीलॅटेक हे लॅटेकचं इंजिन, नोटो सॅन्स देवनागरी फाँट आणि फाँटच्या ऑप्शनमध्ये स्क्रिप्ट=देवनागरी हे तिन्ही द्यावं लागतं; शेवटचं राहिलं तर अक्षरं उमटतात पण वेलांट्या आणि जोडाक्षरं जागेवर बसत नाहीत. घाई असेल तर एचटीएमएल ब्राउझरमधून प्रिंट करून पीडीएफ घ्यावं, मी आता तेच सांगते.

ज्यांच्याकडे फक्त मोबाइल आहे त्यांच्यासाठी ब्राउझरमध्ये चालणारं पॉझिट क्लाउड किंवा गूगल कोलॅबमधलं आर आहे. पॉझिटच्या फुकट खात्यात महिन्याचे तास मोजके. मोबाइलवर कंस आणि बाण टाइप करणं मुलांना जड जातं, म्हणून त्यांना कॉलेज सुटल्यावर लॅब उघडी ठेवून देणं हाच खरा उपाय, आणि तो प्रत्येक विभागाने करावा असं मला मनापासून वाटतं.

कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं गिट पहिल्या सेमिस्टरला आणू नका.

आरचं मोठं व्हर्जन दरवर्षी एप्रिलमध्ये येतं, म्हणजे नेमकं परीक्षेच्या तोंडावर. पॅकेजची लायब्ररी व्हर्जनप्रमाणे वेगळी असते, त्यामुळे अपडेट केलेल्या मुलाला सगळी पॅकेजं गायब झाल्यासारखी वाटतात. वर्षाच्या सुरुवातीला आर आणि आरस्टुडिओचे इन्स्टॉलर पेनड्राइव्हवर घ्या, सगळ्यांना त्यातूनच बसवायला द्या, आणि प्रॅक्टिकलची परीक्षा होईपर्यंत कुणीही अपडेट करायचं नाही असं फळ्यावर लिहून ठेवा.